हातात बाळ, पिशवीत फाइल

'दत्तक' हा शब्द मी नोकरीच्या निमित्तानं रोज लिहायला लागलो, तेव्हा त्याचा बाळाशी काडीचाही संबंध नव्हता. १९७९ साली मी बँकेत लागलो. त्या काळी राष्ट्रीयीकृत बँका गावं दत्तक घेत. शेती अधिकारी जीपमधून गावात जायचा, चावडीवर सभा व्हायची, नारळ फुटायचा आणि आमच्या तिमाही अहवालात 'दत्तक गावांची संख्या' या रकान्यात एकाची भर पडायची. आपण दत्तक गेलो आहोत याची खबर गावात बहुधा सरपंचापलीकडे कुणाला नसायची. पुढं साहेबाची बदली झाली की गाव तिथंच राहायचं आणि दत्तकाची फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर जायची.

पुढं कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा शब्दांकडे जरा निरखून पाहायची सवय लागली. 'दत्त' म्हणजे दिलेलं. म्हणजे 'दत्तक' या शब्दात मुळात देणारा हात आहे. आपण मात्र 'दत्तक घेतलं' एवढंच म्हणतो. घेणाऱ्याचं कौतुक होतं, पेढे वाटले जातात. ज्यानं दिलं त्याचं नाव निघत नाही आणि जे दिलं गेलं त्याला विचारण्याचा तर प्रश्नच नसतो. बेलवलीतल्या माझ्या घरी २०१८ साली चार दिवस मुक्कामाला राहून एक चौदा महिन्यांचं बाळ परदेशी गेलं. त्यानंतर हा देणारा हात माझ्या डोक्यातून काही जाईना. त्याविषयीच आज लिहायचं आहे.

आपल्याकडे दत्तकाची परंपरा जुनी आहे, पण ती बाळासाठी नव्हती, घराण्यासाठी होती. गादीला वारस हवा, श्राद्धाला मुलगा हवा, वतनाला नाव हवं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला. तो कुठून आला, कुणाचा मुलगा, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. किंबहुना ते ठाऊक होतं म्हणूनच तो दत्तक होऊ शकला.

ज्यांचं कुळ सांगता येत नव्हतं त्या बाळांची वाट वेगळी होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं येऊन बाळंत व्हावं, बाळाचा जीव घेऊ नये, हा हेतू. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा १८७४ साली फुले दांपत्यानं स्वतः दत्तक घेतला. तो यशवंत. पुढं तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा करता करता देह ठेवला, तेव्हा दवाखाना चालवणारा हाच मुलगा होता. यशवंताचा जन्म कुठला, हे फुल्यांच्या घरात लपवलेलं नव्हतं. त्या काळी ते लपवणं किती सोयीचं झालं असतं, याचा विचार केला म्हणजे त्या दोघांचं धैर्य कळतं. सयाजीराव बडोद्याला गेले त्याच १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात टाकलेल्या बाळांसाठी आश्रम सुरू केला. वारीच्या गर्दीत सोडून दिलेली बाळं तिथं वाढली. एकाच वर्षात महाराष्ट्रानं दत्तकाची दोन्ही टोकं पाहिली म्हणायची.

या बाळांना विमान दिसलं ते पुढच्या शतकात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून मुलं स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, जर्मनी, इटली, अमेरिका अशी दूरदूर जाऊ लागली. परदेशी माणसाला भारतात मूल दत्तक देणारा कायदाच तेव्हा नव्हता. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता. म्हणून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून पालकत्व घ्यायचं, बाळ घेऊन जायचं आणि दत्तकविधान आपापल्या देशात करायचं, अशी वाट काढलेली होती. पालकांना येणं जमलं नाही तर बाळाला कुणाच्या तरी सोबतीनं पाठवत. तिकडच्या विमानतळावर उभी असलेली आई आपलं मूल पहिल्यांदा पाही ते एका अनोळखी प्रवाशाच्या कडेवर.

यात चांगली माणसं होती तसे दलालही होते. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. दत्तकाच्या नावाखाली कोवळी बाळं जिवावरच्या लांब प्रवासाला पाठवली जातात आणि पोचल्यावर त्यांचं काय होतं याची कुणी चौकशी करत नाही, अशी तक्रार त्यात होती. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. न्यायमूर्ती भगवतींनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला. मूल आधी देशातच देण्याचा प्रयत्न करावा, परदेशी पालकाच्या घराची तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेनं पाहणी करावी, इकडं कागदांची छाननी स्वतंत्र संस्थेनं करावी, पैशाचा व्यवहार होऊ नये, असे नियम त्यातून घालून दिले गेले. संसदेनं न केलेला कायदा न्यायालयानं एका पत्रावरून उभा केला. १९९० मध्ये 'कारा' हे केंद्रीय दत्तक प्राधिकरण आलं. १९९३ साली हेग इथं आंतरदेशीय दत्तकाचा करार झाला आणि २००३ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली. पुढं बाल न्याय कायद्यानं परदेशी पालकांनाही इथंच रीतसर दत्तक घेण्याची सोय झाली.

एवढा इतिहास सांगितला, कारण बँकेतल्या माणसाला प्रत्येक सहीच्या मागं काय घडलं हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. दत्तकाच्या फायलीतला एकेक कागद पाहिला, की तो कुठल्या ना कुठल्या फसवणुकीनंतर जन्माला आलेला आहे हे ध्यानात येतं.

माझी पुतणी आणि जावई न्यूजर्सीत राहतात. दोघंही तिकडचे नागरिक. देशातले आणि अनिवासी भारतीय पालक यांच्या मागून त्यांचा क्रमांक. तीन वर्षं वाट पाहिल्यावर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका संस्थेतली मुलगी त्यांना मिळाली. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेली. ओठाची शस्त्रक्रिया इथं झाली होती, टाळूची व्हायची होती. इथल्या पालकांनी तिला नाकारलं होतं की नाही, मी विचारलं नाही. ज्या मुलांच्या तब्येतीत काही कमी आहे ती बरीचशी परदेशी जातात, एवढं मात्र या क्षेत्रातला कुणीही सांगेल.

मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. आम्हा उभयतांचा तीन महिने न्यूजर्सीला जायचा बेत आधीच ठरला होता. पुतणी फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही आमच्याबरोबरच चला. काकूंना बाळांचं कळतं आणि तुम्हाला कागदांचं." म्हणून नोव्हेंबरात ती दोघं आली, कोर्टाच्या आदेशाप्रमाणे बाळ ताब्यात घेतलं, व्हिसाचं काम दिल्लीला होतं ते उरकलं आणि विमानाची तारीख येईपर्यंत बेलवलीला आमच्याकडे उतरली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बेलवली म्हणजे बदलापूरचा पश्चिमेकडचा भाग. कधीकाळी गाव होतं, आता इमारतींत हरवलंय. नोव्हेंबरात इथं मुंबईपेक्षा चांगलीच थंडी असते. पहाटे लोकलचा भोंगा ऐकू आला की बाळ दचकून उठायचं आणि रडायच्या आधी सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहायचं. संस्थेत पंधरा-वीस बाळांत वाढलेलं लेकरू, त्याला शांततेचीच सवय नव्हती. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की ते निवांत व्हायचं.

दूध पाजणं हा मोठाच सोहळा. टाळू उघडी, म्हणून दूध नाकातून बाहेर यायचं. संस्थेतल्या मावशींनी पुतणीला दोन दिवस समोर बसवून शिकवलं होतं. बाळ उभं धरायचं, चमचा गालाच्या आतल्या बाजूला टेकवायचा, घाई करायची नाही. आमच्या सौभाग्यवतींनी बाजारातून एक स्टीलचं बोंडलं आणलं. चिंचोळ्या तोंडाचं ते भांडं नव्या पिढीला माहीत नाही. पुतणी म्हणाली, "काकू, हे काय, निरांजन?" पण बाळाला ते मानवलं.

दुपारी बाळ झोपलं म्हणजे मी फाइल घेऊन बसे. हेतू एवढाच, की विमानतळावर कुठला कागद कमी पडू नये. न्यायालयाचा आदेश, काराचं ना-हरकत पत्र, हेग कराराप्रमाणे सारं झाल्याचा दाखला, पासपोर्ट, नवीन जन्मदाखला. त्या दाखल्यावर आई म्हणून माझ्या पुतणीचं नाव होतं. कायद्यानं तो दाखला शंभर टक्के खरा. पण ते वाचताना माझ्या ध्यानात आलं, की आता कुठल्याही सरकारी कचेरीत, शाळेत, बँकेत हा दाखला दाखवला की या मुलीची गोष्ट कोर्टाच्या आदेशापासूनच सुरू होणार. त्याआधीचे महिने फक्त या फायलीत उरले होते.

बाल अध्ययन अहवाल नावाचा एक कागद त्यात असतो. मूल कसं आलं, काय खातं, कशाला हसतं, असं सगळं. जन्मदात्या आईचं नाव त्यात नव्हतं. ते गुप्त राहतं आणि तसंच राहायला हवं. एवढं मात्र लिहिलं होतं, की आई स्वतः बाळाला घेऊन आली. बाळ तेव्हा एकोणीस दिवसांचं होतं. कायद्याप्रमाणे तिला विचार बदलायला साठ दिवस दिले होते. आणि खाली एक ओळ होती: बाळ अंगावर पीत नाही, चमच्यानं पाजावं लागतं, असं आईनं सांगितलं.

मी पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत होतो. एकोणीस दिवस त्या बाईनं हे बाळ चमच्यानं जगवलं होतं. मावशींनी पुतणीला जे शिकवलं, त्यातलं पहिलं वाक्य तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई ठाण्याहून नात पाहायला आल्या. बाई मायाळू. बाळासाठी वाळे आणले, दृष्ट काढली. पण जेवणं झाल्यावर मुद्द्यावर आल्या. "रंग आपल्यासारखाच आहे, नाक तर माझ्या मुलाचंच. अमेरिकेत कोण विचारतंय? तिला सांगायचंच कशाला? मोठी होऊन मनाला लावून घेईल. तो पहिला कागद तेवढा काढून टाका." जावई गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं म्हणजे अर्धी संमती आहे, हे मला ओळखू आलं. पुतणी बाळाला थोपटत राहिली.

मी सल्ला द्यायचं टाळतो. तीस-पस्तीस वर्षं कर्जदारांना सल्ले दिल्यावर ती हौस फिटते. त्या दिवशी मात्र बोललो. म्हटलं, "विहीणबाई, स्वीडनच्या गोऱ्या आईला हा प्रश्नच येत नाही. तिची मुलगी आरशासमोर उभी राहिली की आरसाच सांगतो. आपल्याला लपवता येतं. आणि लपवता येतं म्हणूनच ते सांगणं आपल्यावर येऊन पडतं. उद्या ती डॉक्टरकडे गेली आणि घरात असा आजार कुणाला होता का, असं डॉक्टरनं विचारलं, तर आपल्या घराण्यातले आजार सांगणार का? टाळूच्या ऑपरेशनची खूण तर राहणारच. ती कुठून आली म्हणून सांगायचं?"

विहीणबाईंना ते पटलं असं म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हा कागदवाल्यांना सगळं कागदावरच दिसतं." त्यात तथ्य असेल. पण त्यांच्या भीतीतही तथ्य होतं. आपल्या समाजात 'कुणाचं कोण जाणे' हे शब्द अजून मेलेले नाहीत. लेकराला ते ऐकायला लागू नयेत म्हणून आजी कागद काढायला सांगत होती. माया होतीच, फक्त ती लेकरापेक्षा लोकांकडे पाहत होती.

निघायच्या रात्री काटई, शीळफाटा, ऐरोली करत गाडी सहारला पोचली. इमिग्रेशनच्या खिडकीतला अधिकारी तरुण होता. पासपोर्ट, आदेश, दाखला सगळं सावकाश वाचलं. बाळाच्या फोटोकडे आणि बाळाकडे दोनदा पाहिलं. शिक्का मारून मराठीतच म्हणाला, "सांभाळा हं." एवढंच. सुरक्षा तपासणीत बोंडल्यावर मात्र पाच मिनिटं चर्चा झाली. हे भांडं नेमकं कशाचं, हे एका तरुण मुलीला आमच्या सौभाग्यवतींनी करून दाखवलं, तेव्हा सुटका झाली.

मुंबई ते न्यूअर्क सुमारे सोळा तास. तान्ह्या बाळाला घेऊन एवढा प्रवास करणाऱ्यांना एक गोष्ट डॉक्टर आवर्जून सांगतात: विमान चढताना आणि उतरताना बाळानं काहीतरी गिळत राहावं, म्हणजे कानात दडे बसत नाहीत. टाळू दुभंगलेल्या मुलांचे कान तर आधीच नाजूक. विमान धावपट्टीवर पळत होतं आणि पुतणी अंधारात बोंडल्यानं थेंब थेंब दूध घालत होती. अर्धं बाळाच्या पोटात, अर्धं तिच्या ओढणीवर. बाळ रडलं नाही. रडलं ते मध्यरात्री, दिवे मालवल्यावर. संस्थेत रात्री एक दिवा सतत जळत असे, हे अहवालात लिहिलेलं मला आठवलं. डोक्यावरचा वाचायचा दिवा लावला. दहा मिनिटांत गप्प. कागदवाल्यांचा एवढा तरी उपयोग झाला.

पलीकडच्या रांगेत एक वयस्कर बाई होत्या. मुलाकडे चालल्या होत्या. पहाटे त्यांनी हिंदीत जावयांना म्हटलं, मुलगी अगदी बापाच्या वळणावर गेलीय. असं कुणीही सहज म्हणतं आणि आपण सहज हसतो. जावई हसले. पुढं काही बोलणार तोच पुतणी शांतपणे म्हणाली, आम्ही तिला दत्तक घेतलंय, आज पहिल्यांदा घरी नेतोय.

जमिनीवर असताना जे बोलायला चार दिवसांत कुणाची जीभ वळली नव्हती, ते ती पस्तीस हजार फुटांवर बोलून गेली. जावयांनी तिच्याकडे पाहिलं. त्या बाई क्षणभर गप्प झाल्या, मग हात पुढं करून म्हणाल्या, जरा माझ्याकडे द्या, तुम्ही दोघं चहा घ्या. बाळ त्यांच्याकडे गेलं. कुणाकडेही जायची संस्थेतली सवय. तिथून पुढं जावई मोकळे झाले. हवाई सुंदरीला, शेजाऱ्याला, न्यूअर्कच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्यालाही त्यांनी स्वतःच सांगितलं.

त्या खिडकीवर दिल्लीहून आणलेलं सीलबंद पाकीट द्यायचं असतं. मधे ते उघडायचं नाही. आमच्या तिजोरीतल्या सेफ कस्टडीच्या पाकिटासारखंच. अमेरिकेत २००१ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे अशा तऱ्हेनं आलेलं मूल देशात प्रवेश करताच नागरिक होतं. विमान उतरलं तेव्हा कडेवरची मुलगी भारतीय होती, शिक्का बसला तेव्हा अमेरिकन.

हा शिक्का किती मोलाचा, हे ज्यांना तो मिळाला नाही त्यांना विचारावं. १९८९ साली मुंबईतून अमेरिकेत दत्तक गेलेली एक मुलगी तिथं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिली. तिच्या नागरिकत्वाचे कागद कुणी पुरे केले नाहीत. नवा कायदा आला तेव्हा ती वयात बसली नाही. पुढं एका गुन्ह्यात शिक्षा झाली आणि २००८ साली अमेरिकेनं तिला मुंबईला परत धाडलं. नवरा आणि मुलं तिकडे, ही इकडे, आणि इथली भाषा येत नाही. एका न भरलेल्या अर्जापायी विमान उलटं फिरलं. हे वाचलं तेव्हा मी बँकेत होतो. समोरच्या टेबलावर सह्यांसाठी पडलेल्या अर्जांकडे त्या दिवशी मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

आज जगभर ही जुनी खाती तपासली जात आहेत. चीननं २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंद केलं. हॉलंडनं त्याच वर्षी नवी प्रकरणं न घेण्याचं ठरवलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं २०२५ मध्ये मान्य केलं, की परदेशी पाठवलेल्या मुलांच्या बाबतीत सरकारच्या हातून हक्कांची पायमल्ली झाली. आई हयात असताना अनाथ ठरवलेली मुलं, एकाच्या कागदावर पाठवलेलं दुसरंच मूल, असे प्रकार निघाले. हे सगळं बाहेर काढलं ते बहुतांशी मोठ्या झालेल्या मुलांनीच. आपल्याकडेही पुण्यातून बाळपणी जर्मनीत गेलेल्या अरुण डोहले यांनी आपली फाइल मिळावी म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात झगडा दिला आणि अखेर २०१० साली आईचा शोध लावला. माणसाला स्वतःच्या जन्माचा कागद मागायला न्यायालयात जावं लागावं!

आता नियमानं अठरा वर्षांनंतर मूल स्वतः अर्ज करून आपल्या मुळांचा शोध घेऊ शकतं, त्याआधी पालकांबरोबर. जन्मदात्या आईला ओळख उघड व्हायला नको असेल तर तिचा शब्द राखला जातो. हे योग्यच आहे. शोध घेणाऱ्या मुलाला हक्क आहे तसा दडून राहू इच्छिणाऱ्या बाईलाही आहे. या दोघांच्या मधे उभं राहून दोघांचं राखणारी एकच गोष्ट असते: प्रामाणिकपणे लिहिलेली आणि जपून ठेवलेली फाइल.

बँकेत ठरावीक वर्षांनी जुनी व्हाउचरं नष्ट करतात. त्यासाठी नियम आहेत, याद्या आहेत, अधिकाऱ्याच्या सह्या आहेत. पण काही रजिस्टरं अशी असतात की ती कधीच नष्ट करायची नाहीत. शाखा बदलली, इमारत बदलली, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तरी ती पुढं न्यायची. बाळाची फाइल त्या जातीची आहे.

आणि हा विषय केवळ परदेशाचा नाही. २०२४-२५ या वर्षात कारामार्फत ४,५१५ मुलं दत्तक गेली. त्यांतली ४,१५५ देशातल्या देशातच. परदेशी गेलेली साडेतीनशेच्या घरात. म्हणजे बहुतेक बाळं आता विमानानं नाही, रिक्षानं, एसटीनं, लोकलनं घरी जातात. आमच्या या कल्याण-कर्जतच्या पट्ट्यातल्या घरांतही येतात. डोंबिवलीच्या 'जननी आशिष'सारख्या संस्था इथं जवळच काम करत आहेत. त्या घरांतही रंग जुळतो, भाषा जुळते, आडनाव मिळतं, आणि कुणीतरी मायाळू आजी म्हणते, तो पहिला कागद तेवढा काढून टाका.

तो काढू नये. मूल लहान असल्यापासून गोष्टीसारखं सांगत जावं, असं या क्षेत्रातली मंडळी सांगतात. एक दिवस गंभीर चेहऱ्यानं बसवून सांगायची ती बातमी होऊ देऊ नये. 'तू आमच्या घरी कशी आलीस' हे वाढदिवसाला सांगायच्या गोष्टींपैकी एक असावं. ज्या मुलाला ते पहिल्यांदा भांडणात, शेजाऱ्याच्या तोंडून किंवा लग्न ठरताना कळतं, त्याला दत्तक असल्याचं तेवढं दुःख होत नाही. इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि आपल्यालाच नव्हतं, याचं होतं.

ती मुलगी आता आठ वर्षांची आहे. टाळूचं ऑपरेशन छान झालं, बोलते खणखणीत. रविवारी तिथल्या मराठी शाळेत जाते. फाइल तिच्या आईच्या कपाटात खालच्या खणात असते, तिचा हात पोचेल अशा ठिकाणी. गेल्या दिवाळीत फोनवर तिनं मला विचारलं, "आजोबा, 'ळ'ला खाली शेपूट असतं का?" कशासाठी विचारतेस म्हटलं, तर फाइलमधला बाळ ताब्यात दिल्याचा कागद घेऊन बसली होती. खाली मावशींची सही होती, अडखळत काढलेली, अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाची असते तशी. तिनं ते नाव एकेक अक्षर लावून वाचलं. मग म्हणाली, "यांचं अक्षर माझ्यासारखंच आहे."

पलीकडून आजीचा आवाज आला. विहीणबाई सध्या तिकडेच आहेत. त्या तिला सांगत होत्या, "नीट धर तो कागद, फाटेल."